लाल डगल्याच्या हुकमावर माझी शेवटची कवायत

मी, बार्झिलाय टटल, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पिंपे बनविणे व गुत्ता चालविणे, राहणार क्विलब्रुक, मॅसॅच्युसेट्स, डोके पूर्ण ठिकाणावर असताना, कोणाच्या दबावाखाली नव्हे तर काहींच्या नाकावर टिच्चून, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

देह देवाचा, त्याने न्यावा. गुत्ता, मागची बाग व सर्व हत्यारे मुलगी मेहिटबल व जावई नेड हॉबडे यांस मिळावीत. इथेच गावाच्या पोटात दुखते. नेड मूळचा इंग्रज राजाचा लाल डगलेवाला शिपाई. "म्हाताऱ्याला डोळे मिटू दे, मग त्या लाल डगल्याला वेशीबाहेर काढतो बघ!" असे आमच्या गावपलटणीचा सार्जंट एलिफलेट क्रॅब माझ्याच गुत्त्यात बसून म्हणतो. माझे पाय सुजले आहेत, कान नव्हे.

तरी खरी हकीकत नोंदवितो. स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज फौज गावात आली त्या दिवशी तिच्यावर चाल करावी की नाही यावर आमच्या पलटणीने रीतीप्रमाणे हात वर करून मते घेतली. मोजणीवरून भांडण लागले. तोवर लाल डगलेवाले निघूनही गेले. मागे राहिला एकटा नेड, माझ्या नव्या पिंपात लपलेला. एलिफलेटने बंदूक रोखली. आतून आवाज आला, "काका, आधी मला बाहेर काढा, मग गोळी घाला. भोक पडलं तर असं पिंप पुन्हा कोण बनवणार?"

उभ्या गावात माझ्या कामाची ही पहिली तारीफ! मी म्हटले, "एलिफलेट, बंदूक खाली घे. पाहुणा जाणकार आहे."

त्याच संध्याकाळी मी नेडच्या हाती रंधा दिला. पुढे मेहिटबलने आपला हात दिला.

माझी बंदूक पलटणीला द्यावी. तिचा चाप कित्येक वर्षे अडकलेला आहे. दोघांचे छान जमेल.

माझ्या अंत्ययात्रेसाठी सफरचंदाच्या कडक दारूची तीन पिंपे राखली आहेत. अट एकच. पलटणीने नेडच्या हुकमावर रांगेने कबरीपर्यंत यावे. तो "विश्राम" म्हणेल तेव्हाच बूच निघेल. गावची रीत सर्वांस ठाऊक आहे: ज्याच्या हुकमावर चाललो आणि ज्याची दारू प्यालो, तो आपला कप्तान. आणि कप्तानाला वेशीबाहेर काढता येत नाही. माझी माणसे मी ओळखतो. शवपेटीला खिळा बसण्याआधी पावले जुळलेली असतील.

मेहिटबल, पोरी, मनसोक्त रड. पण एक डोळा बुचावर ठेव.

क्विलब्रुक, १२ ऑक्टोबर १७८६
सही: बार्झिलाय टटल

साक्षीदार: हुल्दा स्टोन, सुईण
साक्षीदार: एलिफलेट क्रॅब, सार्जंट

ता. क. सही करताना एलिफलेटने कागदात काय आहे हे विचारले नाही. पिंपात काय आहे, एवढेच विचारले.