शेवटचा कप्पा

महाळुंगे पडवळ,
६ मे २०२५

चि. प्राची,

इकडे सर्व ठीक. ऊन कडक आहे. तुझ्या वडिलांना दुसऱ्या डोळ्यानेही आता स्वच्छ दिसतं. तुझी आजी रोजच्यासारखी सगळ्यांना नावं ठेवते आहे. तुझी गाणी आणि चिठ्ठी पोचली. ‘काकू, याला टेक्निकल डेथ मेटल म्हणतात. खरं मत लिही, गोड नको,’ असं लिहिलंस. मी गोड लिहिलेलं तू कधी वाचलं आहेस?

चारही गाणी पाच-पाच वेळा ऐकली, वही घेऊन. गाणाऱ्या सुदर्शनचा आवाज मला आवडला नाही. पहिल्यांदा लावलं तेव्हा आजी ओट्यावरून ओरडल्या, “अगं वैजयंते, रेडा अडकलाय कुठंतरी. सोड की त्याला!” शब्द कागदावर दिले नसतेस तर एकही कळला नसता. गिटार तर शिलाई मशीनसारखी पळते.

तुझे ड्रम वेगळे. दुसऱ्या गाण्यात वाटलं, तू चुकलीस. परत लावलं, तर त्याच जागी तसंच. मग बोटांवर मोजलं : सात, सात, सात आणि एकदम पाच. असं चार वेळा, आणि एकदाही घसरली नाहीस. पाय एका मापात, हात दुसऱ्या. इतकी वर्षं मी याला गोंगाट म्हणत आले. तो शब्द मागे घेते.

तिसरं गाणं फसलं आहे. तिथे तू केवळ अवघड आहे म्हणून वाजवतेस. अवघड म्हणजे चांगलं असं नसतं. तीस वर्षं मी गणिताच्या अवघड प्रश्नपत्रिका काढल्या आणि त्यालाच हुशारी समजले.

चौथ्याबद्दल लिहायचं दोन दिवस टाळलं.

त्याचे शब्द सडण्याचे आहेत. वरचं साल कोरडं, आत पाणी, आणि शेजारच्याला लागत जाणारी कीड. तुमच्या या संगीतात मरण आणि सडणं हेच विषय असतात म्हणतेस. असतील. मला मात्र आपली कांदा साठवायची बराख दिसली. तुला कोणी काही सांगितलं का, ते विचारत नाही. मीच सांगते.

तीन वर्षांपूर्वी भावजी पहिल्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात होते आणि काढणी माझ्याकडे होती. शनिवारी मंचरला शाळेत माझा सेवापूर्तीचा समारंभ. त्याआधी रान मोकळं हवं, असा माझा हट्ट. काढणीला आलेली भागू म्हणाली, “बाई, कांद्याच्या माना वल्ल्या हायेत अजून. आठ दिस रानातच पातीखाली सुकू द्या.” मी म्हणाले, “भागू, मला शिकवू नकोस.” शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सगळा कांदा बराखीत भरून टाकला. दुसऱ्या दिवशी शाल-श्रीफळ घेतलं आणि नियोजनावर भाषण केलं.

जुलैत वास सुटला. शेवटच्या कप्प्यात तुझे ड्रम होते, घरात नकोत म्हणून आम्हीच तिथे घालवलेले. आजी म्हणाल्या, “पोरीच्या धडामधुडीनं कांदा घाबारला गं बाई.” सगळे हसले. भावजी हसले नाहीत. मला विचारलं, “वहिनी, तुमी शिकलेल्या. असं व्हतं का?”

तेव्हा खरं सांगायचं होतं, की ओला कांदा मीच भरला. मी म्हणाले, “हादऱ्यांनी कांदा दबतो. दबला की सडतो.”

बी.एस्सी. झालेल्या बाईचा शब्द. भावजींनी त्याच दुपारी ड्रम पिकअपमध्ये घालून मंचरच्या बँडवाल्याला देऊन टाकले. तू बराखीच्या दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होतीस. मी मान खाली घालून कांदे निवडत राहिले. त्याच आठवड्यात तू पुण्याला गेलीस. तीन दिवाळ्या झाल्या. तुझा विषय निघाला की भावजी ताटावरून उठतात, आणि मी त्यांच्या ताटातला भात झाकून ठेवते. तेवढंच केलं आजवर.

परवा रविवारी यंदाचा कांदा भरताना भागूसमोर भावजींना सगळं सांगितलं. पात कापणारा त्यांचा विळा थांबला. “वहिनी, तीन वर्सं?” एवढंच म्हणाले. भागू म्हणाली, “मला ठावं व्हतं, बाई. पण तुमाला कोण शिकवणार?”

काल ते मंचरला जाऊन आले. बँडवाल्याकडे फक्त मोठा ड्रम उरला होता, बाकीचे कुठे गेले त्यालाच माहीत नाही. ड्रमचं कातडं एका बाजूला फाटलं आहे. यंदा बराख भरली, पण शेवटच्या कप्प्यात भावजींनी एकही कांदा टाकू दिला नाही. झाडून घेतला आणि ड्रम तिथे ठेवला. माझ्याशी ते अजून बोलत नाहीत, आणि ते बरोबर आहे.

माझ्यासाठी येऊ नकोस. त्यांच्यासाठी ये.

पत्राखाली आशीर्वाद लिहायची माझी सवय तुला माहीत आहे. या वेळी तो हक्क मला वाटत नाही.

तुझी चुकलेली,
वैजयंती काकू