मागे कुणीतरी थांबलंय

शनिवार, ४ जानेवारी

नव्या वर्षाचा पहिला खेळ. संकल्प एकच: गती.

अख्खी नोकरी शहराचे सिग्नल लावण्यात गेली. कुठला दिवा किती वेळ जळेल, हे मी ठरवायचो. तेव्हा गोल्फच्या मैदानावर कुणी कुणाची वाट अडवू नये, हे मला दुसऱ्याने शिकवायला नको.

आज उशीर झाला. दोष माझा नाही. दुसऱ्या होलला हातमोजा बदलावा लागला. पाचव्याला वारा फिरला. नवव्याला गवताचा उतार चारी बाजूंनी पाहावा लागला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, प्लॉट विकत घेताय का? मेहुणा दातांचा डॉक्टर आहे. त्याच्या दवाखान्यात माणसं तोंड उघडं ठेवून तासन्‌तास बसतात. त्याने घाईच्या गोष्टी कराव्यात?

आता तिघेच. मेहुणा, जजसाहेब, मी. मास्तर ऑक्टोबरात गेले. त्यांची जागा रिकामी आहे.

मास्तर गणिताचे. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. देवमाणूस, पण संथ. केव्हाही मागे वळून पाहावं, तर मास्तर आपले उभे. पांढरी कापडी टोपी, टेकवलेल्या गोल्फ-क्लबच्या मुठीवर दोन्ही हात, नजर माझ्याकडे. अशा माणसांमुळे खेळ रेंगाळतो.

शनिवार, ११ जानेवारी

आज बरीच सुधारणा. प्रत्येक फटक्याआधी सरावाचे फक्त चार स्विंग. चेंडूशी बोलणं बंद. (बाराव्याला एकदा. तो अपवाद.)

चौदाव्या होलला मागे पाहिलं. आम्ही नुकत्याच सोडलेल्या ग्रीनच्या हिरवळीवर एक जण उभा होता. एकटा. पांढरी टोपी. क्लबवर दोन्ही हात. आमच्याकडे पाहत होता.

हे बरं नाही. मागच्याने असं पाहत उभं राहिलं की पुढच्यावर दडपण येतं. वाट पाहणाऱ्याने वाट पाहतोय असं दिसू देऊ नये, एवढा तरी शिष्टाचार पाळावा.

जजसाहेबांना विचारलं, हा कोण? त्यांनी पाहिलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. आणि पुढे चालू लागले. निवृत्त झाले तरी निकाल राखून ठेवायची सवय सुटत नाही.

रविवार, १२ जानेवारी

क्लबच्या सेक्रेटरीबाईंना फोन केला. काल आमच्या मागे कोण होतं? म्हणाल्या, कुणी नाही. तुमच्या ग्रुपमागे ऑक्टोबरपासून आम्ही बुकिंग घेतच नाही.

का घेत नाहीत, ते विचारलं नाही. मान म्हणून असेल.

शनिवार, १८ जानेवारी

मागचा खेळाडू वेगाने येत असेल, तर आपण बाजूला व्हावं, हात वर करावा, त्याला पुढे जाऊ द्यावं. खेळातला सगळ्यात सुंदर नियम. माझ्यावर ती वेळ कधी आली नव्हती. आज आली.

चौदाव्यावर तो पुन्हा मागे. मी दोघांना झाडाखाली उभं केलं. हात वर केला.

थांबलो.

मेहुण्याने विचारलं, कुणाला सोडतोय आपण? म्हटलं, मागच्यांना. तो मागे पाहत राहिला. मग माझ्याकडे. दवाखान्यात दाढेचा फोटो पाहताना करतो, तसं तोंड केलं. जजसाहेबांनी टोपी काढून हातात घेतली. का, कळलं नाही. ऊन तर होतं.

तो काही आला नाही. उलट त्यानेच हात पुढे केला, तळवा उघडा ठेवून. आधी तुम्ही.

मास्तरांची ही खोड होती. दारातही तेच. त्यांच्यामागून कुणी कुठे शिरलेलं मला आठवत नाही. क्लबच्या जिन्यावर आम्ही एकदा आधी तुम्ही, आधी तुम्ही करत उभे राहिलो, तर तोवर चहा संपला होता.

फटका मारला. चेंडू पाण्यात.

सोमवार, २० जानेवारी

बाजारातून येताना मोठ्या चौकात थांबलो. मी लावलेला सिग्नल. हिरवा झाला. आरशात पाहिलं. मागच्या गाडीत पांढरी टोपी.

हॉर्न नाही.

हॉर्न वाजवला असता तर निघालो असतो. कुणी इतकं सबुरीने मागे थांबलं असेल, तर एकदम कसं निघायचं? त्याने वाजवावा म्हणून वाट पाहिली. दिवा लाल झाला. पुन्हा हिरवा. पुन्हा लाल.

शेवटी वाहतूक पोलिसाने काच वाजवली. विचारलं, बरं वाटत नाही का काका? म्हटलं, मागच्याला विचारा. तो म्हणाला, मागे रस्ता मोकळा आहे.

सिग्नलची वेळ मात्र अजून अचूक आहे. हात लावलेला नाही कुणी.

बुधवार, २२ जानेवारी

सकाळी दाढी करताना दाराबाहेर कुणीतरी थांबलं होतं. कडी वाजवली नाही. खोकलं नाही. नुसतं थांबलं. अर्ध्या फेसानिशी बाहेर आलो. पॅसेजमध्ये कुणी नाही. ही स्वयंपाकघरात. विचारलं तिने, मघापासून झालंच, झालंच कुणाला म्हणताय?

अर्धी दाढी राहून गेली. ती दुपारी केली.

शनिवार, २५ जानेवारी

नोंद नीट व्हावी म्हणून लिहितो.

ऑक्टोबरात चौदाव्यावर माझा चेंडू उजवीकडच्या झुडपात गेला. कोरा चेंडू. नियमाने तीन मिनिटं शोधता येतो. मास्तर म्हणाले, "सोडा हो, दुसरा टाका." मी म्हटलं, आलोच. ते तिथल्या बाकावर बसले.

मी शोधत होतो. थोडा वेळ लागला. तीनच्या वर गेलं असेल. घड्याळ बॅगेत होतं.

बाहेर आलो तर मास्तर टोपी तोंडावर ओढून बसलेले. मला रागच आला. आम्ही तयार, आणि हे झोपलेत. म्हटलं, चला मास्तर, मागचे खोळंबलेत. उठले नाहीत. मागच्यांत एक डॉक्टर होता. तो बॅग टाकून धावत आला.

डॉक्टर म्हणाला, क्षणात गेले. आधी कळलं असतं तरी काही करता आलं नसतं. हे त्यानेच सांगितलं. मी फक्त दोनदा विचारलं होतं.

आज तिथे पोचल्यावर वाटलं, तो चेंडू एकदा पाहून यावा. आजचा चेंडू छान फेअरवेच्या मोकळ्या पट्ट्यात मधोमध होता, हे खरं. तरी झुडपात गेलो. मेहुणा आत आला, दंडाला धरून म्हणाला, भाऊजी, चला. मी म्हटलं, दोन मिनिटांनी काय होतंय, मास्तर असते तर याहून उशीर झाला असता, ते तर नुसते उभेच असायचे.

तेव्हा तो म्हणाला, "तुमच्यासाठी उभे असायचे, भाऊजी. तुमचा फटका झाल्याशिवाय ते पुढे पाऊल टाकत नव्हते. आम्ही कुरकुर केली की म्हणायचे, त्यांना घाई करू नका, घाई केली की त्यांचा चेंडू जातो."

त्याच्या अंगाला झुडपाचे काटे लागले होते. बायकोचा भाऊ, म्हणून ऐकून घेतलं. सगळ्यांनाच मास्तरांची आठवण येते, आणि आठवणीत प्रत्येक माणूस चपळ होतो.

चेंडू मिळाला नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

गेलो नाही. पाठ.

रविवार, २ फेब्रुवारी

पाठ बरी आहे. हिने विचारलं, मग काल काय झालं होतं? म्हटलं, काल दुखत होती.

नवा संकल्प. मागे पाहायचं नाही. पाहिलंच तर एकदा. सरावाचे स्विंग दोन. झुडपात जायचं नाही. असं केल्यावर आमच्या मागेही बुकिंग सुरू होईल, आणि मागे खरी माणसं असली की मग प्रश्नच नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

संकल्प सातव्या होलपर्यंत पाळला. आठव्याला मागे पाहिलं. मग पाहतच राहिलो, कारण पाठ वळवून फटका मारणं उद्धटपणाचं वाटू लागलं. बाजूला झालो. हात वर केला. त्याने तळवा पुढे केला. मी पुन्हा हात वर केला. तोवर मेहुणा आणि जजसाहेब पुढचं ग्रीन संपवून बसले होते.

खेळानंतर क्लबच्या कॅप्टनबाईंनी आम्हा तिघांना चहाला बोलावलं. त्या हाडांच्या डॉक्टर. हाड बसवण्याआधी पेशंटला गप्पांत गुंतवतात, तशा बोलत होत्या. पाठीची चौकशी केली. सिग्नल कसे लावतात ते विचारलं. मग म्हणाल्या, शनिवारी मैदानावर मार्शल हवा आहे. बॅटरीची गाडी, पिवळा झेंडा. सगळीकडे फिरायचं, रेंगाळणाऱ्यांना पुढे काढायचं. तुमच्याइतका गतीचा विचार कुणी केलेला नाही.

शेवटी कुणीतरी ओळखलं.

मार्शलने त्या दिवशी खेळायचं नसतं. ते ओघानेच आलं. आमच्या ग्रुपात एक नवरा-बायको येणार आहेत. म्हणजे चौघं होतात. मेहुणा कपात पाहत होता. जजसाहेब त्यांच्या कपात. मी जजसाहेबांना म्हटलं, माझी जागा भरून काढणं त्या दोघांना जड जाईल. ते म्हणाले, "जाईल हो." पुढे म्हणाले, "आम्हालाही जड गेलं." नोकरीत इतकं लांबलचक बोलले नसतील.

घरी हिला सांगितलं. तिने विचारलं, मग खेळणार कधी? म्हटलं, सिग्नल कधी गाडी चालवतो का? ती घडी घालत होती ती चादर तशीच हातात राहिली. म्हणाली, भावाचा काल फोन आला होता, तुम्ही झोपता का विचारत होता. म्हटलं, झोपतो म्हणावं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पहिला दिवस. इस्त्रीची पँट.

एकही ग्रुप रेंगाळला नाही. झेंडा वर करायची वेळ आली नाही. मेहुण्याचा ग्रुप तर असा सरसर निघून गेला की गाडी त्यांच्याजवळ नेईपर्यंत पुढच्या होलला. चौघं हसत होती. मला पाहून हसू आवरलं. धाक बसलाय.

बारापर्यंत मैदान रिकामं. असं या क्लबात आजवर झालं नसेल. एका दिवसात एवढा फरक.

गाडी घेऊन चौदाव्यावर गेलो. मार्शलने सगळं तपासावं. तो मागे होताच. झुडपाच्या कडेला, क्लबवर हात ठेवून. आज माझ्यापुढे कुणी नाही, माझा चेंडू नाही, हातमोजा नाही. अडवायला काहीच नव्हतं. गाडी बाजूला घेतली. झेंडा वर केला.

"मास्तर," म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा."

त्यांनी हात पुढे केला. आधी तुम्ही.

बाकावर बसलो. एका कडेला. ते येतील म्हणून बाजूला जागा ठेवली. ते आले नाहीत. ते माझ्याआधी कधीच बसत नसत. त्या एका दिवशी बसले.

ऊन उतरलं. माळी पाइप ओढत आला. म्हणाला, साहेब, उठता का, पाणी सोडायचंय. म्हटलं, माझ्यामागे एक जण आहे, त्यांना आधी जाऊ दे.

त्याने वळून पाहिलं. बराच वेळ.

"मागे कुणी नाही, साहेब. तुम्हीच तेवढे राहिलात."

म्हटलं, आलोच.

तो पाइप हातात धरून थांबला.