झोपेच्या तक्त्याचा शेवटचा रकाना

बुधवार, ४ फेब्रुवारी

गादीवाल्याची मुलगी आणि झोप नाही! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. समुपदेशक ताईंशी पहिलं ऑनलाइन बोलणं आज बाबांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झालं. चारी बाजूंना गाद्यांच्या चळती — कितीही रडा, आवाज बाहेर जात नाही. मी रडले नाही.

ताईंनी झोपेचा तक्ता दिला. रोज सकाळी भरायचा. साडेअकराच्या आत पलंगाला पाठ लावायची नाही, साडेसहाला उठायचंच. झोप येत नाही म्हणून गेले, तर म्हणे आधी पलंगावरचे तास कमी कर. उपाशी माणसाला उपास सांगण्यातला प्रकार.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

झोप : दोन तास चाळीस मिनिटं. शेवटचा रकाना — जाग कशाने आली? लिहिलं : बाबांचं घोरणं. खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

मी सोळाची, म्हणून तक्त्यावर दर रविवारी आईची सही लागते. सही करता करता तिने शेवटचा रकाना वाचला. चारही दिवस एकच गुन्हेगार.

"ऐकलंत का? पोरीची झोप कोण खातंय ते सापडलं."

"मी? मी तर कुशीवर झोपतो."

"कुशीवरसुद्धा कारखाना चालूच असतो तुमचा."

निकाल लागला. आजपासून बाबा खाली दुकानात झोपणार. उशी बगलेत मारून बिचारे जिना उतरले. खाली चाळीस गाद्या आहेत, तरी चेहरा असा की उघड्यावर काढलंय. मी बोलायला हवं होतं. बोलले नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

झोप : शून्य.

मंगळवार, १० फेब्रुवारी

शून्य. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन कान देऊन आले. काही ऐकू येत नाही. शाळेत गणिताच्या तासाला छातीत धडधड, हात गार. बाईंनी घरी पाठवलं. आई म्हणाली, "आता तर घोरणंही नाही, मग आता काय झालं?"

तेच तर झालं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

ताईंनी तक्ता पाहिला. म्हणाल्या, "घोरणं ऐकू आलं की तुला कसं वाटतं?"

बरं वाटतं, म्हटलं.

"आणि थांबलं की?"

मग काही आवरेना. गाद्यांनी इमानदारीत आवाज गिळला. मागच्या वर्षी रात्री बाबांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा मी कानात इअरफोन घालून डाराडूर झोपले होते. आईने तीन हाका मारल्या म्हणे. शेजारच्या काकांनी गाडी काढली. आणि मी सकाळी उठून विचारलं, चहा कुठाय? हे मनाला किती लागलंय, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तेव्हापासून घोरणं चालू म्हणजे बाबा ठीक. थांबलं की मी दिवा लावून उठून बसते. भीती वाटते. फार वाटते.

ताई म्हणाल्या, "हा पहारा तुझ्यावर कुणी सोपवला?"

कुणीच नाही.

"घरी सांगशील?"

नाही म्हटलं. बाबांनी जिवाला लावून घेतलं तर? ताईंनी गळ घातली नाही. म्हणाल्या, "निदान तक्ता तरी खरा भर." मोठ्या चलाख आहेत. सही कोण करतं ते त्यांना माहीत आहे.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

झोप : एक तास. रकान्यात लिहिलं — बाबांचं घोरणं ऐकू न येणं. आणि खाली बारीक अक्षरात सगळंच. चहासकट. रविवारी आई वाचेलच.

रविवार, १५ फेब्रुवारी

आईने वाचलं. सही न करताच तक्ता घेऊन खाली गेली. अर्धा तास वर आली नाही. म्हटलं, आता दोघं रडणार आणि समजूत मलाच काढावी लागणार. आली ती बाबांना आणि उशीला घेऊनच. डोळे लाल. मला म्हणाली, "शहाणीच आहेस." एवढंच. आणि केसांवरून हात फिरवत बसली.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सकाळी बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "घोरणं थांबायचं ना गं, तेव्हा मी जागा असायचो. तुझ्या दाराखालचा उजेड दिसला की मला झोपच लागत नाही."

वर्षभर आम्ही दोघं एकमेकांना जागवत होतो.