अंगणातल्या तुऱ्यांच्या गवताची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा शिंपीकाम, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही कानाशी लागलेले नसताना हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. देताना ते हसले, तो त्यांचा प्रश्न.

१. दोन वर्षांपूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द. त्यात मुलाला काहीच ठेवले नव्हते. कारण असे : रस्ता रुंद होत असताना माझ्या बायकोने टेकाडावरचे तुऱ्यांचे रानगवत वाचवून अंगणात लावले होते. ती गेल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी मुलीकडे गेलो, आणि मुलाने ते मेलेले समजून मुळासकट उपटले. मला बरे वाटावे म्हणून अंगण साफ केले, म्हणे! ते गवत उन्हाळ्यात वाळते, मरत नाही. मी त्याला घराचे दार बंद केले.

२. गेल्या आठवड्यात सुनेने मला ओढतच त्यांच्या घरी नेले. मागच्या दारी तेच गवत, कमरेइतके, तुऱ्यांनी वाकलेले. मी दार बंद केले त्याच दिवशी फेकलेल्यातला एक ठोंब मुलाने उचलून नेला होता.

"मग सांगितलं का नाहीस, गाढवा?"

"तुरे आल्याशिवाय कुठल्या तोंडाने येऊ, बाबा?"

पहिले वर्ष ते नुसते मूळ धरते, हे त्याला ठाऊक नव्हते. बिचारा रोज डोकावून बघत होता. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी रडलो, हेही नोंदवतो.

३. घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. अंगणात फरशी बसवायची नाही.

४. शिलाई मशीन मुलीला. मोठी कात्री सुनेला, पण ती कापडाचीच. गवताला लावली तर मानगुटीवर बसेन. गवत विळ्याने कापावे, पावसाच्या आधी, वीतभर बुंधा ठेवून.

५. शेजारचे हेडमास्तर "शिंप्याच्या दारात रान माजलंय" असे वर्षानुवर्षे म्हणत आले. त्यांच्या पत्नी फुलदाणीसाठी तुरे गुपचूप नेत असत. दरवर्षी एक जुडी त्यांच्याकडे पोचवावी, आणि ती हेडमास्तरांच्याच हातात द्यावी.

६. वाटा मिळणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून मुलगा बाहेर अंगणात अर्धा ठोंब लावतो आहे. सही वाकडी आली ती हात थरथरल्यामुळे नव्हे. मध्येच खिडकीतून ओरडावे लागले, "पुरे झालं पाणी. हात धू आणि आत ये."

सही : (शिंपी, स्वहस्ते)
साक्षीदार : १. डॉक्टर २. दुकानात काजाबटण करणाऱ्या बाई
ठिकाण : राहते घर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक : आज, रविवार, सकाळ