होतिजाच्या दुधाची बाटली

४ जानेवारी
होतिजाला मुलगा झाला. दिवस पूर्ण भरलेले, तरी वजन एकोणीसशे ग्रॅम! रडला मात्र खणखणीत. बावीस वर्षं या बेटावर बाळंतपणं करतेय, असली मूठभर पोरं ढिगानं वाढवलीत. हाही वाढेल.

सासू मारविया उंबऱ्यातच — "बाई, चाळीस दिवस मासळी नाही. दुधाला वास मारतो." घर कोळ्याचं, अंगणभर मासळी वाळतेय, आणि बाळंतीण मीठ-भात खाते! वाद घातला. हरले. आजच्यापुरती.

१२ जानेवारी
१८४० ग्रॅम. सुराबायाच्या मेडिकल कॉलेजनं दहा रिकाम्या बाटल्या पाठवल्यात. हलक्या बाळांच्या आणि भारी बाळांच्या आयांचं दूध ताडून बघायचंय — त्यातली मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, खास करून मासळीतून येणारे. होतिजाच्या दारात उभी राहून बाटली मागितली. आत बराच वेळ कुजबुज. मग भरलेली बाटली बाहेर आली. दुपारच्या बोटीनं रवाना.

१९ जानेवारी
कॉलेजचा फोन आला. मासळीचा अंश सगळ्यात जास्त कुणाच्या दुधात? होतिजाच्या! म्हणजे पोरगी चोरून खाते. बरं झालं. तिला हळूच डोळा मारला, तर तिनं मान खाली घातली. बाळ १८२०. मारविया दूध-पावडरचा डबा मागवू म्हणत होती, मी उडवून लावलं. "दूध एक नंबर आहे, डबा कशाला?"

२० जानेवारी
वारा सुटला. बोट बंद.

२३ जानेवारी
१७६०. रडायचाही कंटाळा करतोय. होतिजाला समोर बसवून पाजायला लावलं. छाती दाबून पाहिली — चार थेंब.

मग ती बोलली, रडत रडत. "तुम्ही दारात उभ्या, बाई. रिकामी बाटली कशी देऊ? वन्संनी भरून दिली." वन्सं म्हणजे नुरासी, मारवियाची लेक, शेजारीच राहते. तिची मुलगी सात महिन्यांची. तिला पथ्य नाही, रोज मासळी खाते.

इतके दिवस पोर उपाशी, आणि मी डोळे मारत फिरतेय. माझी मलाच लाज वाटते.

नुरासीला बोलावून घेतलं. "अगं, बाटली भरतेस, मग पोराला का नाही पाजलंस?" नुरासी आईकडे बघत राहिली. मारविया म्हणाली, "ह्याची आणि नुरासीच्या पोरीची सोयरीक ठरवलीय मी. एका अंगावर प्यायली की भावंडं होतात. मग लग्न कसलं?"

दुकानात डबा नाही, बोट नाही. तासभर भांडले. शेवटी म्हातारी नमली. शरियतच्या हिशेबानं पाच वेळा पोटभर प्यायला तर दूधभावंडाचं नातं लागतं, चारपर्यंत नाही. म्हणून चारच वेळा! वर मलाच दम — "मी मोजणार आहे, बाई."

२४ जानेवारी
चारही वेळा पाजून झालं. पोरानं डोळे उघडले. होतिजाला मासळीचं कालवण मी स्वतः भरवलं. दूध वाढेल तिचं, पण आजच्या आज नाही. मारविया बघत बसली.

२४ जानेवारी, दुपार
पोर भुकेनं पेटलं, चांगलं मोठ्यानं. कुणीच हलेना. मारवियानंच उचललं आणि नुरासीच्या मांडीवर ठेवलं. "पाज. बायको दुसरी शोधू. तुझ्या पोरीला भाऊ झाला."