समुद्रकाठची ती आणि आपण दोघी

प्रिय आई,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, तरी तुम्हालाच पत्र लिहिते आहे. काल ती कादंबरी वाचनालयात परत केली. शेवटचं प्रकरण न वाचताच. तिथल्या बाईंनी विचारलं, "कशी होती?" "चांगली होती," म्हटलं आणि घरी आले. मग वाटलं, कुणाशी तरी बोलावं. तुमच्याशिवाय कुणाशी बोलणार?

तुमचं तेरावं झालं. पाहुणे कुहीला परतले. मला अजून रडू आलेलं नाही. सकाळची शाळा करून आले की दुपारी सूप घेऊन बसते आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडते.

तुम्ही तांदूळ निवडायच्या, मी वाचायची. समुद्रकाठचं लहानसं गाव, तिथं खानावळ चालवणारी तरुण विधवा, आणि होड्या दुरुस्त करणारा तो. समुद्र आपण दोघींनीही पाहिलेला नव्हता. "अंबाझरीच्या तलावाहून मोठा राह्यते काय वं?" तुम्ही विचारलं. मी म्हटलं, पलीकडचा काठच दिसत नाही. "मंग लोक पाह्यतात काय तिथं जाऊन?" किती हसलो होतो आपण!

आणि तो वादळाचा दिवस! त्याची होडी परतली नाही, तिथं प्रकरण संपलं. नळाला पाणी आलं म्हणून मी पुस्तक मिटलं. संध्याकाळी तुम्ही ताटावर बसेनात.

"तो पोरगा तिकडं पाण्यात अडकला, अन् मी भात खाऊ?"

"आई, हे खरं नसतं. कुणीतरी लिहिलेलं असतं."

"मंग लिहिणाऱ्याले दया आली का पाह्य. वाच पुढचं."

भात उतरवून मी उभ्यानंच पुढची पानं वाचली. तो काठाला लागला, तेव्हा तुम्ही जेवलात. शिवाय गावच्या देवीला नारळ बोलला होतात! भाऊजींनी तो कुहीला फोडला. कुणासाठी, ते त्यांना अजून ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला लग्नाचं विचारलं. ती गप्प राहिली. "काहून बोलत नाही वं ते पोरगी?" तुम्ही चिडलात. मी म्हटलं, विधवा आहे ती, लोक काय म्हणतील?

तुम्ही सूप खाली ठेवलंत. "मी पुस्तकातल्या पोरीचं नाही बोलून राहिली. तुह्या शाळेतल्या त्या ड्रॉइंगच्या सरांचं बोलून राहिली."

सरांनी मला विचारलं होतं, हे तुम्हाला कसं कळलं? मी तर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"माहा पोरगा गेला," तुम्ही म्हणालात. "त्याच्यासंगं तुहं बी सगळं काहून जावं?"

मी पान उलटलं आणि वाचत राहिले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. का नाही विचारलंत, आई? एकदा तरी! आणि मग पहाटे झोपेतच निघून गेलात. निदान उत्तर ऐकून तरी जायचं होतं.

जाताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, एकट्या काहून राह्यता? शाळा सोडा, कुहीले चाला." मनानं चांगले आहेत ते. रविवारी मला न्यायला येणार आहेत. कारण मी तेव्हाही गप्प राहिले, आणि माझ्या गप्प राहण्याला सगळे होकारच समजतात.

या वेळी बोलेन. उद्या शाळेत सरांना सांगते, रविवारी चहाला या. भाऊजींच्या समोरच सरांना हो म्हणेन. आवाज नीट फुटेल की नाही, माहीत नाही. पण म्हणेन, हे तुम्हाला वचन. भाऊजी रागावले तर रागावू देत. जेवल्याशिवाय मी त्यांना जाऊ देणार नाही, आणि त्यांच्याबरोबर मी जाणार नाही.

तुमची सून,
कुसुम