कॅप्टन उडो आणि ईस्टरची अंडी

४ मार्च, सोमवार

आजपासून मी ट्रक ड्रायव्हर. व्यावसायिक. अंडी रंगवायच्या खात्यातून सुटलो एकदाचा! शुक्रवारी तिथे निरोपाचं भाषण ठोकलं. म्हणालो, मित्रहो, काही माणसं अंडी रंगवायला जन्माला येतात, काही रस्त्यावर राज्य करायला. टाळ्या कमी पडल्या. सगळ्यांच्या हातात ओले रबरी हातमोजे होते, त्यामुळे असेल.

काचेमागे लावायची पाटी मागवली. 'कॅप्टन उडो'. आतून दिवा लागतो. बेआटे म्हणाली, अरे, आधी ट्रक तर मिळू दे. बायकोला दूरदृष्टी अजिबात नाही.

५ मार्च

शिकवायला हायड्रून आहे. वीस वर्षं ट्रक चालवतेय आणि अजूनही ट्रकच चालवतेय. प्रगती शून्य.

मालक हार्म्स सगळ्यांसमोर म्हणाले, ईस्टरच्या आधी एक फेरी एकट्याने नीट करून दाखव, नवा निळा ट्रक तुझा. नाहीतर परत रंगाच्या टबापाशी. दुसरं वाक्य अनावश्यक होतं.

८ मार्च

रिव्हर्स. चाक डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो. बनावटीतच खोट आहे. हायड्रून ओरडली, अरे बाबा, माल भरायच्या धक्क्याला लाव, कुंपणाला नको! कुंपण चुकीच्या जागी घातलंय, हे तिला पटत नाही.

संकल्प: रोज अर्धा तास रिव्हर्सचा सराव. सोमवारपासून.

११ मार्च, सोमवार

वारा होता. सराव नाही.

१४ मार्च

कासेलची फेरी पाहिली. पोरखेळ! आपण अंडी घेऊन बीलेफेल्डजवळच्या ट्रकतळापर्यंत जायचं. तिकडून कासेलचा ड्रायव्हर पुठ्ठ्याचे रिकामे खोके घेऊन येतो. आपला ट्रेलर सोडायचा, त्याचा जोडायचा, तो आपला जोडतो, आणि दोघं आपापल्या घरी. रात्री दोघंही आपापल्या पलंगावर. यात शिकवण्यासारखं काय आहे?

फक्त दुसऱ्याच्या ट्रेलरखाली शिरताना पुन्हा तेच रिव्हर्स. ते हायड्रूनने केलं. मी देखरेख केली.

कासेलवाल्याचं नाव येन्स. काचेत तीन बाहुल्या, मोज्यांवर सँडल. मला म्हणतो, काय मग, नवरदेव, घाबरला नाहीस ना? असल्यांशी ओळख वाढवायची नाही.

२० मार्च

पाटी अजून आली नाही. टपालखात्यात काम करायची कुणाची इच्छाच नाही.

हायड्रून म्हणाली, उडो, तू सगळं ऐकतोस, पण स्वतःचंच. मत्सर, दुसरं काय!

२६ मार्च

परवा एकटा जायचंय. कासेलच्या दुकानांची शेवटची उकडलेली रंगीत अंडी. शुक्रवारी गुड फ्रायडे, ट्रकना रस्त्यावर बंदी, म्हणजे गुरुवारीच पोचायला हवीत. हार्म्स दोनदा म्हणाले, उडो, हा माल चुकला तर पुढच्या वर्षापर्यंत कोणी विचारणार नाही. मी म्हणालो, एक अंडं फुटलं तर नाव बदलीन.

झोप येत नाही. उत्साहाने.

२८ मार्च, गुरुवार, दुपार

फत्ते!!

दोन तासांत तळावर. येन्सचा पत्ता नाही. आळशी. ड्रायव्हरने विश्रांती घ्यायची असा कायदाच आहे. साडेचार तासांनी, असं हायड्रून म्हणते. मी आधीच घेतली. बेआटेने दिलेला सॉसेजचा पाव खाल्ला आणि डोळा लागला.

जागा झालो तर समोर रस्ता मोकळा. एक फूटही रिव्हर्स न घेता सरळ बाहेर. याला म्हणतात नियोजन. येन्स आला होता तोवर. सँडल फटफटवत मागे धावत होता, दोन्ही हात हलवत, काहीतरी ओरडत. काय ही भक्ती! भोंगा वाजवून स्वीकार केला.

फोन बंद ठेवला. चालवताना फोन घेणं म्हणजे गावंढळपणा. हायड्रूनला लागतो त्यापेक्षा पाऊण तास आधी परत. ट्रक आवारात नाक पुढे करून उभा केला, किल्ली लटकवली, घरी.

संध्याकाळ

हार्म्सचे सारखे फोन. अभिनंदनाचे असणार. उचलले नाहीत. निळ्या ट्रकसाठी लगेच हो म्हणणं बरं दिसत नाही.

रात्री

बेआटेने उचलला. बराच वेळ ऐकत होती. मग मला म्हणाली, अहो कॅप्टन, ट्रेलर बदलायचा असतो ना?

२९ मार्च, गुड फ्रायडे

रस्त्यावर ट्रक नाही. आवारात माझा. आत अंडी.

येन्सने स्पष्ट सांगायला हवं होतं.

३० मार्च

हायड्रून रात्रभर गाडी हाकून माल कासेलला घेऊन गेली. दुकानदारांनी दुसरीकडून अंडी घेतली होती. माल परत.

एकही अंडं फुटलेलं नाही. याची दखल कोणीच घेत नाही.

२ एप्रिल, मंगळवार

अंडी सॅलडवाल्याला विकायचं ठरलं. सोलून. सोलायला मी, जुन्या खात्यात, जुन्या स्टुलावर. निम्मी फेब्रुवारीत मीच रंगवलेली. लाल रंग फार पक्का बसलाय. माझं कामच तसं आहे.

व्यवस्था तात्पुरती आहे. हार्म्स तसं म्हणाले नाहीत, पण चेहरा वाचता येतो. निळा ट्रक येन्सच्या धाकट्या बहिणीला दिला. नुकतंच लायसन्स मिळालंय पोरीला. रिव्हर्स घेताना एकदाही थांबली नाही. दिखाऊपणा.

पाटी आली. कारखान्याच्या पत्त्यावर, सगळ्यांसमोर. पोरांनी ती माझ्या टबावर टांगली आणि दिवा लावला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, हातमोजे काढून.

मी मान खाली घालून सोलत राहिलो. डोळ्यांना पाणी येत होतं. हायड्रून जवळ आली, काय झालं विचारलं. मी म्हणालो, सॅलडचा कांदा.

ती म्हणाली, उडो, कांदा अजून आलेला नाही.